एकच मणका, २५ शेक

मागच्या महिन्यात आमच्या शॉपवरच्या एका पोराने मला जेवणाच्या सुट्टीत गाठलं आणि मोबाईलवर सासऱ्यांचा एमआरआय रिपोर्ट दाखवला, म्हणे सर, तुम्हाला पण असंच काहीतरी झालेलं ना. कंबरेचा एक मणका, त्यात एकच गाठ, आणि खाली लिहिलेलं की टीबी किंवा प्लाझ्मासायटोमा असू शकतो, बायोप्सी करून खात्री करावी. प्लाझ्मासायटोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींची कॅन्सरची गाठ. तो शब्द वाचला आणि मी डबा तसाच झाकून ठेवला. त्याला अर्धा तास जमेल तसं सांगितलं, पण घरी आल्यावर वाटत राहिलं की निम्मं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून सगळं लिहून काढतोय. लांबेल, पण ज्याच्या घरात हा शब्द आलाय तो वाचेल याची मला खात्री आहे.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, २२ वर्षं झाली. गाड्यांचे शाफ्ट, फ्लँज असले पार्ट बनतात आमच्याकडे, आणि माझं काम म्हणजे मोजायचं. हे सांगतोय कारण पुढे मला जे काही समजलं ते या कामाच्या भाषेतच समजलं.

२०२२ चे गणपती. त्याच सुमारास पाठीत दुखायला लागलं, खांद्याच्या पात्याच्या थोडं खाली, बरोबर मधोमध. पहिल्यांदा वाटलं पार्टचा क्रेट उचलताना चमक भरली असेल. जेल लावलं, गरम पाण्याची पिशवी झाली, आठ दिवसांत जाईल म्हणलं. गेलं नाही. उलट ते पुढे यायला लागलं, म्हणजे पाठीतून निघून दोन्ही बाजूंनी बरगड्यांवरून छातीपर्यंत कोणी पट्टा आवळावा तसं. घराजवळच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल आला, मग गॅसच्या गोळ्या दिल्या. एक्स-रे काढला तर म्हणाले विशेष काही नाही, वयानुसार झीज आहे. तेव्हा मी ४६ चा. नंतर कळलं की हाडाचा तिसरा हिस्सा ते निम्मं खाल्लं गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत नीट दिसतच नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त राहायचं नसतं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकायला पाहिजे होती. साधी चमक असली की आडवं पडलं की बरं वाटतं. माझं आडवं पडल्यावर वाढायचं. रात्री तीन वाजता जाग यायची आणि मग मी इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कठड्याला धरून उभा राहायचो, तेवढंच बरं वाटायचं. दोन महिने मी असा उभा राहिलोय. रात्री झोपेतून उठवणारं पाठीचं दुखणं, विश्रांतीने कमी न होणारं, हे अंगावर काढायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी कोणाला नीट विचारलंही नाही.

आईचं म्हणणं होतं की गावाकडे एक जण मणका बसवून देतो, चल एकदा. बायको नाही म्हणाली, अगदी ठाम, आई दोन दिवस रुसली होती तिच्यावर. आत घडीच्या पापडासारखा झालेला मणका कोणी गुडघा लावून दाबला असता तर काय झालं असतं याचा विचार आजही करवत नाही.

दिवाळीतल्या पाडव्याच्या सकाळी आंघोळीला बसताना पाठीत कट्ट झालं आणि मला उठताच येईना. दुसऱ्या दिवशी एमआरआय. रिपोर्टमध्ये डी-आठ, म्हणजे छातीच्या भागातला आठवा मणका, ४० टक्के दबलेला, आत गाठ आणि थोडी गाठ हाडाबाहेर आलेली, पण मज्जारज्जूला अजून टेकलेली नाही. ज्यांना दाखवलं त्यांनी फिल्म धरून पाहिली न पाहिली आणि म्हणाले टीबी आहे, आपल्याकडे मणक्याचा टीबी फार कॉमन, एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, चालू करा. आणि खरंच आहे, कॉमन आहेच. पण बायोप्सी न करता चालू केल्या त्यांनी गोळ्या. लघवी नारिंगी व्हायची, तोंडाची चव गेली, मळमळ, २४ दिवस घेतल्या मी. दुखणं तसूभर कमी नाही. मला त्या २४ दिवसांचा राग आजही आहे. गोळ्यांचा राग नाही, टीबी असता तर त्याच गोळ्यांनी बरा झालो असतो. राग याचा की सुई घालून बघायला एक दिवस लागला असता.

माझे साडू पंचवटीत मेडिकल चालवतात, त्यांनी ओढून नेलं स्पाइनच्या सर्जनकडे. त्या डॉक्टरांनी फिल्म लाईटवर लावली आणि पेनाचं टोक ठेवून मला जवळ बोलावून दाखवलं. हे बघा, हा मणका बसलाय. पण याच्या वरची गादी बघा, खालची गादी बघा, दोन्ही शाबूत आहेत. टीबी बहुतेक वेळा गादी खातो आणि शेजारचा मणकाही धरतो. इथे एकच मणका गेलाय आणि गाद्या जशाच्या तशा. हे मला वेगळं वाटतंय, आधी तुकडा काढून तपासू. दोन मिनिटांचं काम होतं ते दाखवण्याचं. ते दोन पांढरट पट्टे मला आजही डोळे मिटले की दिसतात.

बायोप्सीला घाबरू नका हे मनापासून सांगतो. सीटी मशीनवर पोटावर झोपवतात, पाठीत भूल देतात, सुई थोडी आत, स्कॅन, अजून थोडी आत, परत स्कॅन, असं करत करत मणक्यापर्यंत जातात. सुई हाडाला लागली की एक बोथट दाब जाणवतो, खोल. अर्ध्या पाऊण तासात झालं, संध्याकाळी घरी. वेळ लागला तो रिपोर्टला. पहिल्यांदा आलं की प्लाझ्मा पेशींची गाठ, मग त्यावर अजून स्टेन करायला आठवडा, मग प्लाझ्मा पेशींची खूण असलेलं सीडी-१३८ पॉझिटिव्ह, सगळ्या पेशी लॅम्डा प्रकारच्या. हे प्लाझ्मा सेल म्हणजे आपल्या हाडांच्या मज्जेतल्या, म्हणजे बोन मॅरोतल्या, अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी. निरोगी माणसात त्या कप्पा आणि लॅम्डा अशा दोन्ही प्रकारच्या मिसळून असतात. सगळ्या एकाच प्रकारच्या निघाल्या म्हणजे त्या एकाच बिघडलेल्या पेशीची पिलावळ आहे. टीबीच्या गोळ्या त्या दिवशी बंद झाल्या.

रिपोर्ट हातात आल्यावर मी जिन्यात बसून तो शब्द शोधला आणि समोर आलं मल्टिपल मायलोमा. बोन मॅरोचा कॅन्सर. मुलगी दहावीला होती. जिन्यातून उठून घरात जायला मला बराच वेळ लागला.

आता मुख्य मुद्दा. अशी गाठ एकाच हाडात असेल आणि शरीरात दुसरीकडे कुठेही काही नसेल तर त्याला सॉलिटरी प्लाझ्मासायटोमा म्हणतात, आणि त्याचा उपचार म्हणजे फक्त रेडिएशन. तीच जर अनेक ठिकाणी असेल, किंवा मज्जेत अशा पेशी १० टक्के किंवा त्याहून जास्त असतील, तर तो मायलोमा, मग केमो, गोळ्या, इंजेक्शनं, काहींना स्टेमसेल ट्रान्सप्लांट, म्हणजे वाटच वेगळी. म्हणजे माझ्या पाठीत काय आहे हे तर कळलं होतं, प्रश्न एवढाच होता की एकच आहे का. आमच्याकडे असंच असतं. लॉटमधला एक पीस रिजेक्ट निघाला की त्या पीसकडे कोणी बघत बसत नाही, तो बाजूला टाकला की झालं. प्रश्न असतो उरलेल्या लॉटचा. मग सगळा लॉट होल्डवर जातो आणि एकेक पीस मोजावा लागतो. मी इतकी वर्षं लॉट होल्डवर टाकत आलो होतो, या वेळी होल्डवर मी होतो.

रक्ताच्या डॉक्टरांनी तपासण्यांची यादी दिली. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन, कारण मायलोमात रक्त कमी होतं, कॅल्शियम वाढतं, किडनीवर परिणाम होतो. प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, त्यात त्या बिघडलेल्या पेशींनी बनवलेलं एकाच छापाचं प्रोटीन टोकदार सुळक्यासारखं दिसतं, त्याला एम बँड म्हणतात, माझा ०.६ होता. फ्री लाईट चेन नावाची एक टेस्ट. मग कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, ही मात्र दुखते, खोटं कशाला सांगू. भुलीने कातडी आणि वरचं हाड बधिर होतं, पण मज्जा ओढतात त्या क्षणी पायापर्यंत एक कळ जाते, श्वास अडकतो, आणि संपते. मोजले तर दहा सेकंद. आणि शेवटी पेट स्कॅन. उपाशीपोटी जायचं, साखरेसारखं औषध शिरेतून देतात आणि तासभर एका खोलीत गप्प बसवतात, बोलायचं नाही, मोबाईल नाही, हालचाल नाही. त्या खोलीत मी माझ्या एकेका हाडाचा विचार करत बसलो होतो. डावा गुडघा कधीचा दुखतो, मग तिथे असेल का. कवटी? बरगडी?

रिपोर्टला पाच दिवस लागले. या पाच दिवसांबद्दल मला फार लिहिता येणार नाही. बायकोने प्लास्टिकचे कप्पे असलेली एक फाईल आणली आणि सगळे कागद तारखेने लावले, पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात अनुक्रमणिका केली. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातल्या लाईटमध्ये ती ते करत होती, आणि मी दारात उभा होतो, आणि आम्ही दोघं काही बोललो नाही.

डॉक्टरांनी फाईल चाळली आणि आधी वर बघून म्हणाले, "एकच आहे." मग बाकीचं सांगितलं. पेटमध्ये फक्त डी-आठ. मज्जेत प्लाझ्मा पेशी नेहमीच्या प्रमाणात, बिघडलेल्या नाहीत. कॅल्शियम, किडनी, रक्त चांगलं. बायको तिथेच रडली. मग त्यांनी पुढचंही सांगितलं, लपवलं नाही, आणि त्यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. मज्जा स्वच्छ असेल तर तीन वर्षांत १० टक्क्यांच्या आसपास लोकांना पुढे मायलोमा होतो. मज्जेत थोड्या का होईना, १० टक्क्यांच्या आत, बिघडलेल्या पेशी सापडल्या तर तेच प्रमाण हाडाच्या गाठीत ६० टक्क्यांच्या घरात जातं. आणि लांबचा हिशोब केला तर दहा वर्षांत निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांना होतो. म्हणून ती मज्जेची टेस्ट टाळू नका, कितीही दुखो. आणि म्हणून गाठ बरी झाली तरी तपासण्या सुटत नाहीत.

साडूंचं म्हणणं पडलं की एकदा टाटाला दाखवू. सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली, पाठीला टेलर ब्रेस, म्हणजे पाठ ताठ धरणारा पट्टा, बांधलेला, खिडकीची सीट. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक बरोबर न्यावे लागतात, ब्लॉक म्हणजे एवढ्याशा मेणाच्या वड्या, त्यात तुमचा तुकडा. बायकोने त्या रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवल्या आणि दादरपर्यंत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. परळला टाटा मेमोरियलची गर्दी बघून आधी उर दडपतो, देशाच्या कुठून कुठून माणसं आलेली असतात, पण तिथे कामाला एक शिस्त आहे. स्लाइड त्यांनी परत तपासल्या, निदान तेच. सांगितलं की याला पाच आठवडे रोज रेडिएशन लागेल, तुम्ही नाशिकचे, तिथे चांगलं मशीन असेल तर घरी राहून घ्या, मुंबईत खोली घेऊन हाल करू नका. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं हे मला फार मोठं वाटलं.

सर्जन म्हणाले स्क्रू-रॉडची गरज नाही, मज्जारज्जू मोकळा आहे, ब्रेस घाला, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, खाली मांडी घालून बसायचं नाही. आणि पायात ताकद कमी वाटली, बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला तर रात्री दोन वाजता पण फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. हा कागद आम्ही फ्रीजवर लावला होता.

आता रेडिएशन. आपल्याकडे खेड्यापाड्यातले लोक त्याला शेक म्हणतात, लाईट पण म्हणतात. वेटिंगमध्ये पहिल्या दिवशी सुरगाण्याकडच्या एक आजी शेजारी बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "भाऊ, तुझे किती शेक?" तेव्हापासून मीही शेकच म्हणतो.

माझे २५. रोज १.८ ग्रे, एकूण ४५ ग्रे, सोमवार ते शुक्रवार. ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप. या गाठीला साधारण ४० ते ५० ग्रे देतात, आणि प्लाझ्मा पेशी रेडिएशनला नरम असतात, दहातल्या आठ-नऊ जणांची त्या जागची गाठ परत डोकं वर काढत नाही. मी विचारलं की मग एकदम जास्त देऊन लवकर का संपवत नाही. डॉक्टरांनी कागदावर मणक्याचं चित्र काढलं, मागून जाणारा मज्जारज्जू काढला. म्हणाले, गाठ याच्या अगदी जवळ आहे, याची सहन करायची हद्द आहे, रोज थोडं दिलं की चांगल्या पेशी रात्रीतून स्वतःला दुरुस्त करतात, बिघडलेल्यांना ते तितकं जमत नाही. त्या फरकावर सगळं चालतं.

शेक सुरू व्हायच्या आठवडाभर आधी सिम्युलेशन. एका सपाट कडक टेबलावर झोपवलं, हात डोक्याच्या वर धरायला दांडे. मग भोकं असलेला पांढरा प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्याच्या ट्रेमधून काढला, तो कापडासारखा लोंबत होता, आणि दोघांनी धरून माझ्या छातीवर ताणून बसवला. गरम, ओला, हलका. पाच-सात मिनिटांत तो कडक झाला आणि माझ्या छातीचा साचा तयार. त्यावर लेझरच्या लाल रेघा पडल्या, तिथे मार्करने खुणा, अंगावरही खुणा, आणि त्या अवस्थेत सीटी. मी झोपल्या झोपल्या बघत होतो आणि मनात म्हणलं हे तर फिक्स्चर आहे. आम्ही पार्ट क्लॅम्प करतो, झिरो सेट करतो, मगच टूल जवळ नेतो. सेटिंग चुकलं तर कटिंग कितीही चांगलं असो, पीस गेला. त्या दिवशी पहिल्यांदा माझी भीती कमी झाली, कारण ही माणसं माझ्याच जातीची होती, मिलीमीटरला मानणारी.

पुढे एकदा तिथल्या फिजिसिस्ट मॅडमना मी विचारलंच की मशीन किती देतंय हे कशावरून कळतं. त्या थांबल्या आणि सांगितलं की रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी मशीन तपासतात, आणि माझा प्लॅन माझ्यावर चालवायच्या आधी एका ठोकळ्यावर, त्याला फँटम म्हणतात, चालवून मोजून घेतला होता. हे असं करण्याचे एईआरबीचे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचे, नियम आहेत. मला त्या उत्तराने जेवढा धीर आला तेवढा कुठल्या सांत्वनाने आला नाही. तुम्हीही विचारा, चांगली माणसं सांगतात.

९ जानेवारी २०२३, सोमवार, पहिला शेक. नाशिकची जानेवारीतली सकाळ, शर्ट काढून त्या थंड टेबलावर झोपायचं, तेवढाच त्रास. तिथला टेक्निशियन मुलगा म्हणायचा, "काका, श्वास नेहमीसारखा, हलायचं नाही." साचा बसवून कडेने चटचट लॉक करायचे, लेझर खुणेवर आणायचे आणि सगळे बाहेर. जाड दरवाजा सरकत बंद व्हायचा. मग मशीन एक फेरी मारून फोटो काढायचं, आजचा फोटो प्लॅनच्या फोटोवर ठेवून बघायचे, आणि टेबल आपोआप एक-दोन मिलीमीटर सरकायचं, ते सरकणं पाठीला कळायचं. मग परत फेरी आणि बारीक गुणगुण आवाज. हे खरे शेक. काही जाणवत नाही. ना गरम, ना चटका. वीस मिनिटं सेटिंग आणि दोन-तीन मिनिटं काम. मी मनात आकडे मोजायचो, दीडशेच्या आसपास आवाज बंद व्हायचा.

संक्रांत रविवारी आली होती, सोमवारी त्या आजींनी पदराच्या गाठीतून तिळगूळ काढून सगळ्या वेटिंगला वाटला. निफाडकडचे एक बाबा होते, घशाचे, त्यांना गिळता येत नव्हतं, त्यांनी तो कपाळाला लावून खिशात ठेवला. ही बरीच मंडळी महात्मा फुले योजनेत होती. माझा पगार २१ हजारांच्या वर गेल्यावर ईएसआय सुटलेलं, कंपनीचा मेडिक्लेम होता. तिकडून पहिलं पत्र आलं की २४ तास अॅडमिट नव्हता म्हणून क्लेम बसत नाही. रेडिएशन डे-केअरमध्ये धरतात, पॉलिसीच्या कागदातच यादी असते, ते पान काढून एचआरकडून मेल करायला लावली तेव्हा हललं. पॉलिसीचं ते पान आधीच काढून ठेवा, एवढंच सांगतो.

दुखणं दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी कमी झालं. कळलंच नाही कधी. एका सकाळी जाग आली आणि खिडकीत उजेड होता. मी रात्रभर झोपलो होतो, चार महिन्यांनी. बायको आधीच जागी होती, माझ्याकडे बघत होती, म्हणाली, "अहो, तुम्ही उठला नाहीत रात्री." तिला वाटलेलं काही झालं की काय, म्हणून ती माझा श्वास बघत बसली होती.

तिसऱ्या आठवड्यात गिळायला त्रास सुरू झाला. आठव्या मणक्याच्या पुढूनच अन्ननलिका जाते, तिला शेक लागतोच. घास छातीच्या मध्यावर अडकल्यासारखा आणि जळत जळत खाली जायचा, पाणी पण टोचायचं. जेवणाआधी दहा मिनिटं बधिर करणारं जेल घ्यायचं आणि मग मुगाची मऊ खिचडी, गुरगुट्या भात, ताक, उकडून कुस्करलेला बटाटा. तिखट, आंबट, गरम चहा बंद. नाशिकच्या माणसाला सहा-सात आठवडे मिसळ नाही म्हणजे काय ते नाशिकचा माणूसच समजेल, आमच्या घरात रविवारची मिसळ हा नेमच होता, तर मुलीने पण त्या काळात खाल्ली नाही, आणायला सांगितली तरी नको म्हणायची. तीन किलो वजन उतरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की वजन उतरू देऊ नका, साचा सैल पडतो, म्हणून बायको दर दोन तासांनी काहीतरी हातात द्यायची. पाठीवर हाताच्या पंजाएवढी कातडी काळवंडली, खाजायची, तिथे साबण नाही, तेल नाही, उटणं नाही, फक्त त्यांनी दिलेलं क्रीम आणि सुती बनियन. आणि थकवा, म्हणजे झोप येते तसा थकवा नाही, अंगातला करंट कमी केल्यासारखा. दुपारी चप्पल काढून खुर्चीत बसलो की चप्पल परत घालायचं जिवावर यायचं. हे सगळं शेक संपल्यावर तीन-चार आठवड्यांत ओसरलं, थकवा मात्र उन्हाळा संपेपर्यंत होता.

मध्ये दोन दिवस मशीन बंद पडलं. मी घाबरलो होतो, आता मागचं सगळं वाया. डॉक्टर म्हणाले दोन दिवसांनी फरक पडत नाही, राहिलेले शेक पुढे जोडू, पण स्वतःच्या मनाने खाडा करू नका. १५ फेब्रुवारीला पंचविसावा झाला. आजींचे त्याआधीच संपले होते. निफाडचे बाबा चौथ्या आठवड्यात यायचे थांबले, मी काउंटरवर विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली. तीन दिवसांनी महाशिवरात्र होती, मी गोदाघाटावर कपालेश्वरला गेलो, पायऱ्या चढलो नाही, खालूनच हात जोडले, आणि कोणासाठी जोडले ते नाव मला माहीतच नव्हतं.

तीन महिन्यांनी एमआरआय केला आणि रिपोर्टमध्ये परत लिहिलेलं की डी-आठमध्ये गाठीसारखं दिसतंय. माझे हातपाय गार पडले. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की हाड भरायला महिने लागतात, मेलेल्या गाठीची जागा एमआरआयवर बराच काळ दिसत राहते, तिची चमक गेलीय का हे पेट सांगेल. पेटमध्ये ती जागा विझलेली होती. एम बँड ०.६ चा ०.४ झाला, मग ०.२, आणि वर्षभराने रिपोर्टमध्ये आलं की दिसत नाही. वर्ष झाल्यावरही तो उरला तर पुढे मायलोमा होण्याची शक्यता जास्त धरतात, म्हणून मी ते वर्ष त्या एका आकड्याकडे बघत काढलं. मे महिन्यात कामावर गेलो, कंपनीने मला लाईनवरून काढून सीएमएमच्या, म्हणजे पार्ट मोजायच्या मशीनच्या, एसी रूममध्ये बसवलं, वजन उचलायचं नाही. उंची दोन सेंटीमीटर कमी झालीय, मी मोजलीय.

आता दर तीन-चार महिन्यांनी रक्त देतो. रिपोर्ट यायच्या आधीचे चार दिवस मी घरात कमी बोलतो, आता सगळ्यांना ते माहीत झालंय, मुलगी त्या दिवसांत कॉलेजमधून आली की गप्प शेजारी बसते. मी बरा झालो असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणत नाहीत. ते म्हणतात, "आजच्या तारखेला एकही नाही."

त्या पोराच्या सासऱ्यांना टीबीच्या गोळ्या दुसऱ्या दिवसापासून सुरू करणार होते. मी म्हणलं एक दिवस थांब, आधी सुईची तपासणी करून घे, टीबी निघाला तर गोळ्या आहेतच. त्यांच्या फिल्ममध्येही गाद्या मला शाबूत वाटल्या, पण ते ठरवणारा मी नाही, म्हणून त्याच स्पाइनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. परवा बायोप्सी झाली. ते आत असताना मी त्या पोराबरोबर बाहेर बाकावर बसलो होतो. त्याने तीनदा विचारलं की सर, किती दुखतं. चाळीस मिनिटांनी सासरे स्ट्रेचरवर बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे बघून नुसता अंगठा वर केला. रिपोर्टला आठ दिवस लागतील म्हणालेत.